माती कोकणात, हवा पारनेरात

पारनेर तालुक्यात गुलाबाचा विषय काढला की पहिला प्रश्न पाण्याचा निघतो, आणि तो रास्तच आहे. सह्याद्रीने ढग रिकामे करून घेतल्यावर जे काही उरते ते या तालुक्याच्या वाट्याला येते: वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तेही वेळेवर येईलच असे नाही. कान्हूर पठाराकडे मूग, वाटाणा, बाजरी, कांदा यांचे गणित त्याच भरवशावर मांडले जाते. वारा इतका की सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी लांब दांड्याचा, निमुळत्या कळीचा, एका दांड्यावर एकच टपोरे फूल देणारा हायब्रीड टी गुलाब लावायचा म्हणजे निव्वळ हौस, असे कुणीही म्हणेल.

मला उलट म्हणायचे आहे. या गुलाबाला मानवेल अशी हवा महाराष्ट्रात शोधायला निघालो, तर अलिबाग, रत्नागिरी आणि मुंबई यांच्या आधी पारनेरचे नाव घ्यावे लागेल. इथली खरी अडचण पाण्याच्या तुटवड्यापेक्षा त्या पाण्यात विरघळून येणाऱ्या गोष्टींची आहे.

आधी समुद्रकाठची बाग पाहू, म्हणजे पठाराची किंमत कळेल. किनाऱ्यावर गुलाबाला दोन शत्रू. पहिला खारा वारा. लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, पानांवर सुकतात आणि मागे मीठ ठेवतात. पानांच्या कडा करपतात, कोवळे शेंडे काळे पडतात. सुरूची किंवा तत्सम झाडांची दाट रांग लावून हा शत्रू बराच थोपवता येतो. दुसरा मात्र रांगेला दाद देत नाही. तो म्हणजे दमटपणा. गुलाबावर काळा ठिपका नावाचा रोग पाडणारी बुरशी आहे, डिप्लोकार्पॉन रोझी. तिचे बीजाणू रुजायला पान सलग सात तास तरी ओले लागते. जुलै महिन्यात कोकणातले पान सलग सात तास कोरडे राहिले तर ती बातमी होईल. पाने पिवळी पडून गळतात, झाड पुन्हा फुटते, पुन्हा गळते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत साठवलेली ताकद संपवून बसते. हिवाळ्यातही मुंबईची रात्र फारशी थंड होत नाही. फूल थंडीत सावकाश उमलले तर मोठे, भरगच्च पाकळ्यांचे, गडद रंगाचे होते. उबदार रात्री झाडाने दिवसा कमावलेली साखर श्वसनातच खर्च होते आणि फूल घाईघाईने, लहानखुरे उघडते.

पारनेरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांखाली जातो आणि दिवसा स्वच्छ ऊन पडते. पावसाळ्यातही सरीनंतर वारा सुटून पाने वाळतात. हा झाला हवेचा भाग.

मातीचा हिशेब नेमका उलटा आहे. कोकण आणि पारनेर दोन्हीकडचा मूळ खडक बव्हंशी तोच, दख्खनचा काळा बेसॉल्ट. निघोजला कुकडी नदीने ज्या कातळात रांजणखळगे कोरले तोच. पण कोकणात दरवर्षी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस त्या खडकाच्या मातीतून वाहतो. त्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धुऊन समुद्रात नेले. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. तीच जांभ्याची तांबडी माती, किंचित आम्लधर्मी. गुलाबाला मातीचा सामू (पीएच) ६ ते ६.५ आवडतो, म्हणजे जवळजवळ हीच माती. पारनेरकडे तो कॅल्शियम धुवायला पाऊस पुरला नाही. तो जागच्या जागी राहिला, मातीत चुनखडीचे पांढरे खडे होऊन बसला, आणि सामू ८ च्या वर गेला. गुलाबाची माती कोकणात पडली आणि गुलाबाची हवा पारनेरात.

आता या गुलाबाला अशी हवा का लागते हे त्याच्या कुळावरून कळते.

हायब्रीड टी हा निसर्गात कुठे सापडलेला गुलाब नाही. युरोपातले जुने गुलाब बहुतेक करून वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चीनमधले गुलाब जहाजांतून युरोपात पोहोचू लागले, आणि त्यांच्याबरोबर पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण पोहोचला. २०१२ मध्ये संशोधकांनी या गुणाचे मूळ शोधले: फुलण्याला लगाम घालणाऱ्या एका जनुकात एक उपरा डीएनएचा तुकडा घुसला आणि लगाम तुटला. चीनच्या बागाईतदारांनी तो बिघाड शतकानुशतके जपला होता. या चिनी गुलाबांतल्या काहींना चहाच्या पानांसारखा मंद वास असे म्हणून ते ‘टी’ गुलाब. त्यांच्या पूर्वजांत रोझा जायगँटिया ही उंच चढणारी रानवेल येते. ती आपल्या मणिपूरच्या डोंगरांत आजही उगवते. निमुळती, डौलदार कळी ही बरीचशी तिची देणगी. म्हणजे ज्याला आपण विलायती गुलाब म्हणतो त्याच्या घराण्यात एक खापरपणजी ईशान्य भारताच्या सीमेवरची आहे.

टी गुलाब नाजूक होते. युरोपच्या थंडीत टिकेनात. त्यांचा दणकट हायब्रीड परपेच्युअल गुलाबांशी संकर झाला. १८६७ मध्ये लिऑनच्या झां-बाप्तिस्त गियो याने ‘ला फ्रान्स’ हे रुपेरी गुलाबी फूल बाजारात आणले आणि पुढे त्यालाच पहिला हायब्रीड टी मानण्यात आले. पण गियोला ते रोपांत सापडले होते. आईबाप ठरवून जोड्या लावण्याचे काम पद्धतशीरपणे केले ते हेन्री बेनेट या इंग्रज शेतकऱ्याने. हा गडी गुरांची पैदास करणारा. वळू आणि गाय पारखून जोडी लावावी तशी त्याने गुलाबांची लावली आणि १८७९ मध्ये ‘वंशावळीचे गुलाब’ म्हणून दहा जाती एकदम विकायला काढल्या. जनावरांचा बाजार ज्याने पाहिला आहे त्याला बेनेटची रीत समजावून सांगावी लागणार नाही.

तोवर या गुलाबांत खरा पिवळा रंग नव्हता. तो आणला लिऑनच्याच जोसेफ पेर्ने-दुशेने. इराणातून युरोपात आलेला ‘पर्शियन यलो’ हा झगझगीत पिवळा गुलाब त्याने वर्षानुवर्षे संकरात वापरला आणि १९०० मध्ये ‘सोलेय दॉर’ बाहेर काढला. पुढचे पिवळे, शेंदरी, जर्दाळू रंगाचे, दुरंगी असे सारे हायब्रीड टी या एका दरवाजाने आले. पण रंगाबरोबर एक दुबळेपणाही आला. पर्शियन यलो काळ्या ठिपक्याला चटकन बळी पडतो. पश्चिम आशियातल्या कोरड्या डोंगराळ मुलखात वाढलेल्या झाडावर ओल्या पानांचा प्रसंग येणार कधी? त्याला त्या रोगाविरुद्ध ढाल बाळगण्याची गरजच पडली नाही. हे रक्त इंग्लंडच्या रिमझिमीत आणि कोकणच्या पावसात उघडे पडते. पारनेरचे कोरडे, उंच, वाऱ्याचे पठार मात्र त्या इराणी पूर्वजाच्या मुलखाला किनाऱ्यापेक्षा कितीतरी जवळचे आहे. नर्सरीत पिवळे किंवा शेंदरी फूल बघून ‘हे नाजूक असते हो’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे ओली हवा असते एवढेच.

हवेची बाजू अशी भक्कम आहे म्हटल्यावर मातीकडे आणि पाण्याकडे लक्ष द्यायला हरकत नाही. सगळी मेहनत तिथेच आहे.

पाण्याचे साधे गणित मांडू. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. आपल्या पट्ट्यात मे महिन्यात उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास उडते. वाढलेल्या गुलाबाचा घेर अर्धा चौरस मीटर धरला, तर कडक उन्हाळ्यात झाडाला रोज चार-पाच लिटर पाणी लागणार. थंडीत दोन लिटरांत भागते, पावसाळ्यात आभाळ थोडेफार देते. सगळे धरून वर्षाला एका झाडाला ८०० ते १००० लिटर. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण दहा झाडांच्या परसबागेला दहा हजार लिटर, म्हणजे पाण्याचा एक टँकर. दुष्काळी तालुक्यात हेही सहज बोलण्याचे काम नाही, हे मान्य. तरी झाड पाण्यावाचून मरण्याची वेळ क्वचित येते.

आता दुसरे गणित. बोअरच्या पाण्याचा टीडीएस हा शब्द पाण्याच्या फिल्टरमुळे घरोघरी गेला आहे. पेनासारखे मीटर बुडवले की आकडा दिसतो. समजा तो १००० आहे. खोल बोअरला असा आकडा दिसला तर कुणी दचकत नाही. त्याचा अर्थ एका लिटरमध्ये १ ग्रॅम क्षार. झाडाला वर्षात १००० लिटर पाणी दिले तर १००० ग्रॅम, म्हणजे एका गुलाबाच्या आळ्यात दरवर्षी एक किलो क्षार आपण हाताने ओतला. पाणी उडून गेले, पानांतून बाष्प झाले, क्षार उरला. किनाऱ्यावरच्या बागेत मीठ वाऱ्याने येते आणि पानावर दिसते. पठारावर ते पाइपातून येते आणि मुळाशी साचते, म्हणून दिसत नाही. जुन्या पानांच्या कडा तपकिरी होणे, कळ्या बारीक राहणे, मातीच्या ढेकळांवर पांढरी साय धरणे ही त्याची लक्षणे. बहुतेक लोक ही लक्षणे पाहून पाणी कमी पडले असे समजतात आणि तेच पाणी आणखी देतात.

इथे एक सवय आवर्जून मोडायला हवी. घरातल्या आरओ फिल्टरचे वाया जाणारे पाणी झाडांना घालणे काटकसरीचे वाटते. पण फिल्टरने प्यायच्या पाण्यातले काढलेले क्षार त्याच वाया पाण्यात जाऊन बसतात. ते मूळ बोअरपेक्षा जास्त खारे असते. फरशी पुसायला ते उत्तम. गुलाब हा खारेपणा न सोसणाऱ्या झाडांतला आहे, त्याला ते घालू नये.

उपाय छपरावर पडतो. १०० चौरस मीटरच्या स्लॅबवर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०,००० लिटर. गळती, उडती आणि पहिल्या सरीची घाण सोडून दिली तरी ४०,००० हाती लागावे. या पाण्यात क्षार जवळजवळ नसतो. सगळे साठवणे शक्य नाही, गरजही नाही. पाचेक हजार लिटरची टाकी भरून ठेवली आणि बोअरच्या पाण्यात ते निम्मे मिसळत गेले, तर मुळाशी येणारा क्षार निम्म्यावर येतो. राळेगणसिद्धीने १९७५ नंतर आणि शेजारच्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने १९९० नंतर पडेल तो थेंब अडवून दाखवला. गाव पाण्याचा ताळेबंद मांडू शकते तर परसबागेला तो मांडायला काय हरकत? शेततळे किंवा पावसाळी विहीर असेल त्यांना तर हे पाणी मोसमात आयतेच मिळते.

पाणी द्यायच्या रीतीनेही फरक पडतो. रोज थोडेथोडे शिंपडणे सर्वांत वाईट: वरची चार बोटे ओली होतात, सुकतात आणि क्षाराचा थर वर चढत जातो. दिवसाआड किंवा तीन दिवसांनी आळे भरून द्यावे, आणि महिन्यातून एकदा नेहमीच्या दुप्पट, म्हणजे साचलेला क्षार मुळांच्या खाली ढकलला जातो. यासाठी खालून निचरा हवा. पारनेरचा मुरूम इथे मित्र ठरतो. काळ्या भारी रानात हा खटाटोप करण्यापेक्षा मुरमाड जागी खड्डा घेतलेला बरा. ठिबक असेल तर आणखी एक बारकावा आहे. ड्रिपरभोवतीची ओल जिथे संपते तिथे क्षाराचे कडे तयार होते. वळवाची पहिली हलकी सर आली की लोक हौसेने ठिबक बंद करतात, आणि ती सर ते कडे विरघळवून थेट मुळांवर आणते. अशा वेळी ठिबक चालू ठेवावे, म्हणजे क्षार बाहेरच राहतो. जमीन भिजवणारा मोठा पाऊस झाल्यावर मग बंद करावे. आळ्यात बाजरीचे सरमाड, उसाचे पाचट किंवा भुईमुगाची टरफले तीन-चार बोटे पसरली की बाष्पीभवन घटते; वाळवीवर मात्र लक्ष ठेवायला लागते.

चुनखडीचे काय? मातीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून पाहावे. फसफसली तर चुना आहे. यावर पुस्तकी सल्ला असा असतो की गंधक मिसळा, जिवाणू त्याचे आम्ल करतील, सामू उतरेल. सल्ला खरा आहे. आपल्या मातीत परवडत नाही. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यात २८० किलोच्या आसपास माती असते. तिच्यात दहा टक्के चुना धरला तर तो झाला २८ किलो. रसायनशास्त्राप्रमाणे १ किलो चुना संपवायला ३२० ग्रॅम गंधक लागते, म्हणजे एका खड्ड्याला जवळजवळ ९ किलो. तेवढे घातले तर गुलाबाआधी आपलाच धीर सुटेल. त्यापेक्षा खड्ड्यातली चुनखडीची माती काढून टाकावी आणि न फसफसणारी लाल माती, चांगले कुजलेले शेणखत, थोडी निंबोळी पेंड यांनी तो भरावा. खड्ड्याभोवतीचा चुना आणि बोअरचे पाणी हळूहळू आत शिरणारच, पण काही वर्षे मिळतात. जमीन अगदीच पांढरी असेल तर मोठी कुंडी किंवा विटांचा उंच वाफा हा शहाणपणाचा मार्ग.

चुन्याने गुलाबाचे नेमके काय बिघडते? लोह. काळ्या मातीत लोह भरपूर असते, पण सामू एका अंकाने चढला की पाण्यात विरघळू शकणारे लोह सुमारे हजारपटीने घटते. कोठार भरलेले आणि दाराला कुलूप. मग शेंड्याची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या जाळीसारख्या दिसतात. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर असेल तर कारण वेगळे. वरून सुरू झाला तर लोह. दुकानातून फेरस सल्फेट आणून मातीत टाकले तर चुना त्याला लगेच बांधून टाकतो. चिलेटेड लोह घ्यावे हे आता बरेच जण सांगतात, पण चिलेटच्याही जाती असतात. ईडीटीए प्रकारचे स्वस्त असते आणि आपल्या चुनखडीत टिकत नाही. ते पानांवर फवारायला ठीक. मातीतून द्यायचे तर ईडीडीएचए प्रकारचे, गडद तांबडे, महागडे. सामू ९ पर्यंत ते लोहाला सोडत नाही. पाकिटावरची ही पाच-सहा अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि खुंट. नर्सरीतला गुलाब म्हणजे दोन झाडे असतात: वर ‘पीस’ नाहीतर ‘ग्लॅडिएटर’ अशी नावाजलेली जात, खाली कुठलातरी रानगुलाब, ज्याच्यावर डोळा भरलेला असतो. गिऱ्हाईक वरच्याचे नाव विचारते, खालच्याचे कुणी विचारत नाही. माती आणि पाणी सोसायचे असते ते खालच्याला. मल्टिफ्लोरा हा खुंट सहज मुळे धरतो, डोळा चांगला घेतो, म्हणून रोपवाटिकांचा लाडका. परंतु चुनखडीच्या जमिनीत तो लवकर पिवळा पडतो. इंडिका ओडोराटा हा खुंट कोरडी आणि अतिओली अशी दोन्ही परिस्थिती जास्त सोसतो आणि क्षारालाही तुलनेने तोंड देतो. हरितगृहांसाठी नताल ब्रायर वापरतात. पारनेरसाठी रोप घेताना इंडिकावरचे मागावे. मिळाले नाही तर मल्टिफ्लोरावरचे कुंडीत लावावे. डोळ्याची गाठ जमिनीच्या दोन बोटे वर राहील असे लावायचे, आणि गाठीखालून फुटलेला प्रत्येक कोंब ओरबाडून काढायचा. सात पर्णिकांचे पान म्हणजे रानफुटवा, असा एक ठोकताळा सगळीकडे चालतो. तो विसरावा, चांगल्या जातीच्या जोमदार फांदीलाही सात पर्णिका येतात. कोंब गाठीखालून आला की वरून, एवढेच पाहावे.

खुंट गाठीशी जोडलेला असल्यामुळे वाऱ्याचा प्रश्न इथे येतो. जून ते ऑगस्ट पठारावरचा वारा रसरशीत नवे फुटवे गाठीपासून निखळवतो. भिंत बांधून हे थांबत नाही; भिंतीवरून उडी मारलेला वारा पलीकडे भोवरे करून खाली आपटतो. निम्मा वारा आरपार जाऊ देणारे जिवंत कुंपण उत्तम. पानमळ्याला आडोसा म्हणून पूर्वी शेवरी लावत, ती इथेही चालते. तुरीची किंवा शेवग्याची रांगही चालते. उंचीच्या दहापट अंतरापर्यंत अशा कुंपणाचा आसरा पोहोचतो. झाडांपासून ते सहा-सात फूट लांब मात्र ठेवावे, नाहीतर गुलाबाचे पाणी शेवरीच पिऊन टाकील.

जाती कोणत्या घ्याव्यात यावर पुष्कळ लिहिता येईल, पण चारच नावे घेतो. ‘ग्लॅडिएटर’ हा १९५५ चा अमेरिकी गुलाब आज आपल्याकडे इतका रुळला आहे की उघड्या रानात लाल गुलाबाची शेती म्हणजे ग्लॅडिएटर असे समीकरण झाले. शिर्डीच्या देवदर्शनामुळे जिल्ह्यात गुलाबाला मोठे गिऱ्हाईक आहे. ग्लॅडिएटरला उत्तम सुगंध, झाड काटक. ‘पीस’ हा फ्रान्सिस मेयाँचा: १९३५ च्या संकरातून निघालेला, १९३९ मध्ये महायुद्ध पेटण्याच्या सुमारास त्याचे डोळे परदेशी रवाना झालेले, आणि २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकेत शांततेचे नाव मिळालेला. फिकट पिवळ्या पाकळीची गुलाबी किनार पारनेरच्या जानेवारीत सुरेख उठते, एप्रिलमध्ये विरून जाते. ‘डबल डिलाइट’, १९७७ चा, मलईच्या रंगाचा. त्याच्या पाकळ्यांच्या कडा अतिनील किरणांनी लाल होतात, काचेच्या घरात तो बराचसा पांढराच राहतो. पठारावरच्या स्वच्छ उन्हात त्याला वेगळे काही करावे लागत नाही. चौथा ‘पापा मेयाँ’, १९६३ चा, काळपट लाल मखमलीचा. त्याच्या सुगंधाने २०१५ मध्ये विज्ञानात नाव काढले. फ्रेंच संशोधकांनी हा सुगंधी गुलाब आणि बिनवासाचा ‘रूज मेयाँ’ शेजारी ठेवून तपासले, तेव्हा सुगंधाचा एक मोठा घटक बनवण्यात अनपेक्षित असे एक विकर गुंतलेले निघाले. वास नसलेल्यात ते जवळजवळ निष्क्रिय होते. बाजारातल्या लांब दांड्याच्या गुलाबाला वास का नाही, याचे उत्तर त्या दिशेला आहे. तो गुलाब टिकण्यासाठी निवडला गेला, आणि निवडताना नाकाला कुणी विचारले नाही.

भारतीय जातींत डॉ. बी. पी. पाल यांचे काम मोठे. दिल्लीत गव्हाच्या जाती काढणारा हा शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा पहिला महासंचालक, सवडीने गुलाबांचे संकर करी. त्यांनी १९६८ मध्ये काढलेल्या पांढऱ्या हायब्रीड टीचे नाव ‘डॉ. होमी भाभा’. मुंबईत ट्रॉम्बेला खाडीकाठी अणुसंशोधन केंद्र उभारणाऱ्या माणसाचे नाव. मिळाला तर जरूर लावावा. कोडईकनालला एम. एस. वीरराघवन यांनी मणिपूरची रोझा जायगँटिया आणि उष्ण प्रदेशात वाढणारी रोझा क्लायनोफिला यांच्यापासून उष्ण हवेला जमतील असे गुलाब घडवण्यात आयुष्य घातले. युरोपच्या थंडीसाठी केलेल्या झाडाला औषधे पाजत बसण्यापेक्षा हा रस्ता मूळचा बरोबर आहे असे मला वाटते.

वर्षाचा क्रम थोडक्यात. पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या पुढेमागे, मुख्य छाटणी. युरोपात थंडी झाडाला झोपवते. इथे ते काम कात्रीला करावे लागते. तीन-चार निरोगी फांद्या ठेवून बाकी काढायच्या, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्यावर तिरका काप घ्यायचा आणि जखमेला बोर्डो पेस्ट लावायची, नाहीतर शेंडेमर खाली उतरते. ४५ ते ६० दिवसांत फुले येतात. जसजशी थंडी वाढते तसे दिवस वाढतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीअखेर पुष्पप्रदर्शन भरते. तिथे फूल न्यायचे असेल तर या आकड्यांवरून मागे मोजत यावे.

काळ्या ठिपक्यातून पठार सुटले तरी भुरीतून नाही. दिवस उबदार, रात्री थंड आणि पहाटे हवेत ओल, हे जानेवारीचे हवामान भुरीला फार आवडते. गंमत अशी की भुरीचे बीजाणू पाण्यात नीट रुजत नाहीत. सकाळी लवकर पाने स्वच्छ पाण्याने धुतली तर ती कमी होते. कोकणात हाच इलाज काळा ठिपका पसरवील. गंधकाची फवारणी चालते, पण पारा ३२ अंशांच्या वर जायला लागला की बंद, पाने भाजतात. मार्चनंतर पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी येतो, त्यालाही पाण्याचा जोरदार फवारा खालून मारणे हा पहिला इलाज. धुवायला पाणी पावसाचे असेल तर उत्तम, बोअरचे पाणी पानावर पांढरे डाग ठेवते.

एप्रिल-मेमध्ये फुलांची अपेक्षा करू नये. कळी वाटाण्याएवढी झाली की खुडून टाकावी, खते थांबवावीत, दुपारच्या उन्हापुरते शेडनेट ओढावे आणि आच्छादन जाड करावे. छाटणी या दिवसांत अजिबात नको. उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने फाटते. जूनमध्ये जमीन भिजली की हलकी छाटणी करून मूठभर निंबोळी पेंड द्यायची, आणि स्लॅबची पन्हाळ टाकीला जोडण्याआधी पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडून द्यायचे.